सौजन्यपातळी

कँटीनच्या गोंगाटात अन्वी कोळेकरनं मिसळ मागवली, ती हातांनी. मनगटांवरच्या दोन काळ्या पट्ट्यांनी तिच्या स्नायूंची हालचाल टिपली आणि कॉलरला लावलेल्या बटणाएवढ्या चकतीतून एक मंजुळ आवाज म्हणाला, "काका, एक मिसळ द्याल का? तर्री थोडी जास्त मिळाली तर फार आनंद होईल." काका खूश झाले. अन्वीनं खरं तर 'मिसळ, तर्री जास्त' एवढ्याच खुणा केल्या होत्या. पण ती जन्मापासून बहिरी, आपल्या नावानं कोण काय बोलतंय ते तिला कुठून कळणार?

सोलापूरच्या या कॉलेजात 'हस्तवाणी' येऊन वर्ष होत आलं होतं. पट्ट्या खुणांची भाषा बोलून दाखवत आणि समोरच्याचं बोलणं चष्म्याच्या काचेवर अक्षरांत उमटे. यंत्र आलं तशी खुणांच्या दुभाषी चौगुले बाईंना कायमचा नारळ मिळाला. तेव्हापासून रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला अन्वीचे हाल सुरू झाले. काचेवरची अक्षरं वाचावीत की परीक्षानळीकडे बघावं? बाईंना परत बोलवा, असं ती प्रत्येक सभेत सांगत होती. सगळे माना डोलवत आणि पुढच्या विषयाकडे वळत.

आज दुपारी सरकारी समिती येणार होती. मुलांनी यंत्र पुरेसं आहे म्हटलं, की राज्यातल्या सगळ्या कॉलेजांतल्या दुभाष्यांची पदं रद्द होणार होती. बोलायचं होतं अन्वीनं. कॉलेजातल्या अपंग मुलांची जी मंडळी होती, तिनंच तिला पुढे केलं होतं. मोडक्या बाकांची खोली बसायला मिळाली म्हणून या मंडळींनी स्वतःचं नाव 'अडगळ' ठेवलं होतं.

पांढरी काठी टेकत रेवण म्हमाणे आला आणि समोर बसला. रेवणला दिसत नव्हतं आणि अन्वीला ऐकू येत नव्हतं, तरी दोघांचं मेतकूट जमलं होतं ते या यंत्रामुळेच. तो बोलू लागला. काचेवर अक्षरं आली: 'आज आपण आणखी प्रभावीपणे बोलूया.'

पण रेवणच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. त्यानं टेबलावर मूठ आपटली तशी तर्री सांडली. एवढ्या सज्जन वाक्याला एवढा राग कशाला? अन्वीनं फोन काढून 'अडगळ'च्या ग्रुपवर लिहिलं, 'का आपटायलास? काय झालं?'

फोननं ते त्याच्या कानात वाचलं. उत्तर तिथंच आलं, कारण ग्रुपवरच्या मजकुराला हस्तवाणीचा हात लागत नसे. 'ग्रुपवर वाघीण आणि सभेत शेळी! मागच्या सभेत काय म्हणालीस? आम्ही आपले ऋणी आहोत, जमल्यास विचार व्हावा! भ्या वाटतंय तर तसं सांग की. आम्ही दुसरं कुणीतरी बघतो.'

अन्वीनं ते पुन्हा वाचलं. त्या सभेत ती म्हणाली होती, 'तुम्ही आमची फसवणूक करताय.' टेबलावर हात आपटून म्हणाली होती. बघणाऱ्यांना वाटलं असेल, खुणांची भाषाच तशी, हातवारे मोठे असणारच.

तिनं लिहिलं, 'थांब. आता मी बोलते. तुला काय ऐकू येतंय ते इथं टाक.' आणि मग हातांनी म्हणाली, "तू एक नंबरचा गाढव आहेस."

रेवणचा मजकूर आला: 'तुझा विचार जरा वेगळा आहे, मला तो आवडतो.'

दोघंही खो खो हसले. मग रेवणनं तिला एक कचकचीत सोलापुरी शिवी हासडली. काचेवर उमटलं, 'तू फार गोड आहेस.' आणखी एक झाली, आणखी एक झाली. हसता हसता अन्वी थांबली. वर्षभर आपल्या तोंडात कुणीतरी पाक ओतत होतं आणि आपण तो जगभर वाटत फिरत होतो.

तेवढ्यात ग्रुपवर रेवणचं आणखी एक वाक्य आलं. 'माझी ताई वारली तेव्हा मी तुला काय म्हणालो होतो?'

अन्वीला चांगलं आठवत होतं. काचेवर आलं होतं, 'घरी एक दुःखद घटना घडली आहे, मन थोडं उदास आहे.' तिनं त्याच्या खांद्यावर थोपटलं होतं आणि तासाला उशीर होतोय म्हणून निघून गेली होती.

'मी म्हणालो होतो,' रेवणनं लिहिलं, 'की मलाबी जगायचं नाही आता. आणि तू निघून गेलीस. तेव्हापासून मनात अढी होती माझ्या.'

अन्वीनं मिसळीचं ताट दूर सारलं. यंत्राची तिला एवढी किळस आली, की त्या पट्ट्या अंगावर पाल चढल्यासारख्या वाटू लागल्या.

उपप्राचार्य हिरेमठ मॅडम सभागृहाच्या दारात पुष्पगुच्छ लावून घेत होत्या. दोघांनी जाब विचारला. चकतीनं तोही मधात घोळून विचारला असणार, पण रेवणनं आपल्या तोंडानं नीट विचारला. मॅडम लपवालपवीच्या भानगडीत पडल्या नाहीत.

"अगं, सौजन्यपातळी असते त्यात. कॉलेजच्या आवारापुरती मीच ती उच्चवर ठेवली," त्या म्हणाल्या. "चौगुले बाई तुझं सगळं जसंच्या तसं सांगायच्या आणि सरलोक दुखावले जायचे. आता बघ बाळ, तू सगळ्यांना किती आवडतेस!"

मॅडमचं बोलणं मुळातच एवढं साखरेचं, की यंत्राला त्यात काही करायला उरलं नसावं. ते वाचून अन्वीनं पाठ फिरवली.

'तुझ्या वतीनं मी बोलतो,' रेवणनं फोनवर लिहिलं. तिनं नकार दिला. पुन्हा आपल्या नावानं दुसऱ्याचंच बोलणं? मग या चकतीनं काय घोडं मारलं होतं?

समिती बसली. पिकल्या केसांच्या अध्यक्षांनी विचारलं, "काय बाळ, यंत्रावर समाधानी आहेस ना?"

अन्वीनं पट्ट्या सोडल्या, चकती काढली आणि ते सगळं त्यांच्यापुढे टेबलावर ठेवलं; डोळ्यांवर चष्मा तेवढा राहू दिला. मग ती उघड्या हातांनी बोलली. वर्षभराचं बोलली. चौगुले बाईंबद्दल बोलली, प्रात्यक्षिकांबद्दल बोलली आणि रेवणच्या ताईबद्दलही. सभागृहात कुणालाही त्यातलं अक्षर कळलं नाही. मॅडमनी हसत कागद-पेन पुढे केलं. तिनं ते बाजूला सारलं. तिची भाषा हातांत होती आणि ती ऐकायची तर तिथंच ऐकायला हवी होती.

मॅडमनी पट्ट्या उचलून तिच्या मनगटाला लावायला घेतल्या. अन्वीनं हात झटकून घेतले, तशा पट्ट्या पुन्हा टेबलावर पडल्या. रेवणला ती झटापट जाणवली असावी. तो अंदाजानं पुढे आला आणि चाचपडत त्यानं आपले तळवे तिच्या हातांवर ठेवले. तिनं ते झटकले नाहीत. त्याच्या तळव्यांखाली तिनं सगळं पुन्हा सांगितलं. मुठी आदळल्या, बोटं तुटल्यासारखी ताणली गेली आणि ताईपाशी येऊन ती थबकली. रेवणचा चेहरा पांढरा पडला.

तो समितीकडे वळून काही बोलला. काचेवर त्याचं काय झालं ते अन्वीनं बघितलंच नाही; खरे शब्द तिला नंतर ग्रुपवर वाचायला मिळाले: 'ही काय म्हणाली ते मला कळलं नाही साहेब. पण ही किती चिडलीय ते आज पहिल्यांदा कळलं. वर्षभर शेजारी बसतोय मी हिच्या.'

त्या क्षणी मात्र तिला एवढंच दिसलं, की अध्यक्षांचं पेन थांबलं आणि मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. अध्यक्षांनी टेबलावरच्या पट्ट्या दोन बोटांनी बाजूला सरकवल्या, उष्टं ताट सरकवावं तशा. मग मॅडमकडे वळून त्यांनी काहीतरी विचारलं. अन्वीच्या काचेवर अक्षरं उमटली: 'कृपया, हिचं म्हणणं सांगू शकेल असं कुणी आपल्याकडे आहे का?'

मॅडम समोरचे कागद चाळू लागल्या. अध्यक्षांचा चेहरा तर लालबुंद झाला होता आणि त्यांच्या ओठांवर 'कृपया' कुठेच दिसलं नव्हतं. मग त्यांनी खरं काय विचारलं होतं?