उसनी चढण

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी संगी ढेबे डोक्यावर दुधाची कॅन घेऊन कारवीमुऱ्याचा डोंगर उतरायला निघाली, की तिथून सव्वाशे किलोमीटरवर पुण्यात झोपलेल्या रुजुता शेंडकरच्या नडग्यांमध्ये बारीक टकटक सुरू व्हायची. दुखायचं नाही हं. भिंतीपलीकडे कुणीतरी हळूच खिळा ठोकतंय, तेवढंच. मग ती टकटक गुडघ्यात, मांडीत, आणि तिथून पाठीच्या एकेका मणक्यात चढायची, आणि रुजुता डोळे न उघडताच म्हणायची, "निघाली बाई."

तीन वर्षं हे रोज चालू होतं. त्यामुळे संगीला एकदाही न भेटता रुजुताला तिच्याबद्दल काय काय माहीत होतं बघा. ती अर्ध्या वाटेत एकदाच थांबते. शनिवारी परत चढताना ओझं जास्त असतं, कारण शनिवारी खाली बाजार. डावा पाय जरा जपून टाकते. पावसाळ्यात घसरते, पण पडत नाही. आणि रुजुताची स्वतःची मान इतकी ताठ झाली होती की तिची आई म्हणायची, "अगं, डोक्यावर घागर आहे का तुझ्या?"

होतीच की. फक्त दुसरीच्या डोक्यावर.

आता हे कसं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. रुजुताला एकोणिसाव्या वर्षी आमवात झाला. म्हणजे शरीराची फौज शत्रू सोडून स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडते, तो आजार. बोटं सुजली, गुडघे सुजले, पाच वर्षं गोळ्या झाल्या, सूज आटोक्यात आली, सगळ्यांना वाटलं सुटलो. आणि चोविसाव्या वर्षी एका दुपारी तिला शिंक आली आणि पाठीचा मणका मोडला. नुसती शिंक.

"मॅडम, माझे सांधे खराब आहेत, मान्य," ती डॉ. नसीम मुजावरांना म्हणाली. या मुजावर मॅडम म्हणजे हाडांवर संशोधन करणाऱ्या, आणि पेशंटशी मावशीसारख्या बोलणाऱ्या. "पण हाडं कुठून आली मध्येच?"

"पुण्यात राहतेस ना? मग लगेच कळेल तुला. हाड म्हणजे दगड नव्हे, आपल्याकडचा रस्ता आहे. एक टोळी सतत उकरते, दुसरी मागून भरत येते. जन्मभर. तुला पत्ता नसतो, पण दहाएक वर्षांत सांगाडा जवळजवळ नवा झालेला असतो."

"आणि माझी भरणारी टोळी सुट्टीवर."

"आमवाताची सूज उकरणाऱ्यांना सारखी सांगत असते, अजून खणा. त्यात तू घेतलीस स्टेरॉइड, त्यानं भरणारे मंदावले. पण मुख्य गोष्ट वेगळी आहे, रुजू. हाडाच्या आत मुकादम बसलेले असतात, म्हणजे तशा पेशी. कुठं किती भरायचं ते त्या ठरवतात, आणि ठरवतात भारावरून. पाऊल पडलं, हाड केसाहून बारीक वाकलं, की हुकूम सुटतो, इथं भरा. तू दुखतं म्हणून चालत नाहीस. पाच वर्षं तुझे मुकादम रिकामे बसलेत."

"मग चालते की उद्यापासून."

"चाललीस तर पुढचा मणका मोडेल."

असा तो पेच. भार नाही म्हणून हाड नाही, आणि हाड नाही म्हणून भार घेता येत नाही. मुजावर मॅडमनी तो सोडवला तो असा, की भार दुसऱ्याचा आणायचा. रुजुताच्या हाडांत त्यांनी तांदळाएवढे अकरा दाणे बसवले. दुसरीकडं एका धडधाकट बाईच्या कमरेला आणि घोट्यांना पट्टे. ती चालली की तिच्या हाडांवर जो ताण येतो तो पट्टा टिपतो, आणि त्याच क्षणी दाणे रुजुताच्या हाडांना तस्सा हिसका देतात, पण इतका हलका की मोडायचा प्रश्नच नाही. मुकादम फसतात. त्यांना वाटतं, बाई डोंगर चढतेय. या उपचाराचं नाव पडसाद. चालणाऱ्या बाईला म्हणायचं चालकरी, आणि जिच्या हाडात ते उमटतं ती पडसादी.

तुम्ही म्हणाल, मग यंत्रच का नाही थरथरवत? केलं होतं तेही. यंत्राचा हिसका मुकादम अकरा दिवसांत ओळखतात आणि बाराव्या दिवशी ढुंकून बघत नाहीत. रेकॉर्डिंग लावलं, तेही ओळखलं. त्यांना खरी वाट लागते. निसटणारा दगड लागतो, कॅनमधलं हिंदकळणारं दूध लागतं. म्हणून मॅडम कारवीमुऱ्यावर पोचल्या. मुरा म्हणजे डोंगरमाथ्यावरची धनगरांची वाडी. तिथल्या अडतीस बाया रोज दूध खाली आणायच्या आणि पीठमीठ वर न्यायच्या. त्यांच्यावर दोनशे सहा पडसादी जोडले गेले.

आणि गंमत म्हणजे या बायांचं काहीच कमी होत नव्हतं. आपण रेडिओ ऐकला म्हणून गाणारीचा आवाज बसतो का? तसंच. अट एकच होती, आणि ती कुणाला अट वाटलीच नव्हती. चालकरी थांबली, की दोन महिन्यांत मुकादम पुन्हा झोपतात.

मग कारवीमुऱ्याला रस्ता मंजूर झाला.

पडसादींच्या मंडळाचा एक ग्रुप होता, त्यावर अर्ज आला, सगळ्यांनी सही करा. अर्जात लिहिलं होतं की रस्त्यामुळे शेकरूंची घरटी जातील आणि डोंगराचा कडा ढासळेल. हाडांबद्दल एक अक्षर नाही. रुजुतानं अर्ज दोनदा वाचला आणि सही केली. खोटं कशाला सांगू, शेकरू तिच्या डोक्यातही नव्हतं. मणका मोडल्यावर सहा महिने आईनं तिला कुशीवर वळवलं होतं, ते होतं.

त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी, मंगळवारी सकाळी साडेदहाला, ती ऑफिसात पाण्याच्या पाइपलाइनचा नकाशा काढत बसलेली असताना हाडं बोलायला लागली. ही संगीची वेळ नव्हती. आणि ओझं डोक्यावर नव्हतं, उजव्या खांद्यावर होतं, तिरकं, आणि संगी उतारावर धावत होती. धडाधड. एकदा गुडघ्यावर आपटली, उठली, पुन्हा धावली. रुजुता टेबल धरून बसली. शेजारचा नचिकेत म्हणाला, "काय गं, चक्कर येतेय का?" तिनं हातानंच गप्प केलं त्याला. मग अर्ध्या वाटेत सगळं थांबलं. चाळीस मिनिटं काहीच नाही. आणि मग तेच ओझं खांद्यावर घेऊन संगी हळूहळू परत वर चढायला लागली.

वर. खाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर पडसादचा निरोप होता: 'अभिनंदन, रुजुता. काल तुमच्या हाडांचा तीन वर्षांतला सर्वोत्तम दिवस होता.' खाली आलेख, आणि त्यावर एक टोक असं उंच, बाकीची त्यापुढं ठेंगणी.

चालकरीचा नंबर पहिल्या दिवसापासून कागदावर होता. तिनं तो पहिल्यांदा लावला.

"संगीताताई का? मी पुण्याहून रुजुता. मी तुमच्या... तुमच्या पट्ट्यावर आहे."

"व्हय का. बोला."

"काल तुम्ही धावत होता."

"कळतं व्हय तुमास्नी तसलं?"

"कळतं."

"जाऊ हुती माझी. अडली हुती. बाप्ये सगळे खाली कामाव, मग आमी चौघींनी झोळी बांधली. निम्म्या वाटंत बाळतीण झाली आन् तितंच गेली." संगीचा आवाज सपाट होता. "पोरगी हाय. बरी हाय." आणि मग काहीतरी आठवल्यासारखं ती म्हणाली, "ताई, तुमास्नी काय लागलं न्हाई न्हवं? लई आपटाआपटी झाली काल."



त्याच दुपारी रुजुता मुजावर मॅडमसमोर बसली होती. "मी सही परत घेतली आणि रस्ता झाला, तर माझं काय होईल?"

मॅडमनी गोड करून सांगितलं नाही. "दीडेक वर्षात जिथं होतीस तिथं जाशील."

"दुसरा उपाय?"

"आता हाडं भरली आहेत तुझी. ती भार घेतील. सांधे मात्र तेच आहेत, ते दुखणार. तुझा तू डोंगर चढायचा, डोक्यावर वजन घेऊन, रोज. ज्या भारानं हाड बांधलं, तोच भार ते मागतं."

"किती वर्षं?"

"हाड वर्षं मोजत नाही, रुजू."

"बरं," रुजुता म्हणाली. "म्हणजे उपाय आहे." आणि ती उठली.

जनसुनावणी डोंगराच्या पायथ्याच्या शाळेत होती. प्रांतसाहेब खुर्चीत, एका बाजूला मंडळाचे वकील आणि काठ्या घेतलेले आठदहा पडसादी, दुसऱ्या बाजूला सतरंजीवर मुऱ्यावरच्या बाया. वकिलांनी अर्धा तास शेकरूचं कौतुक केलं. मग रुजुता उभी राहिली.

"हरकत क्रमांक एकशे बारा माझी आहे. मी ती मागं घेते. साहेब, मी शेकरू आयुष्यात पाहिलेलं नाही."

सतरंजीवर हसू फुटलं. वकील म्हणाले, हे विषयाला सोडून आहे. प्रांतसाहेब म्हणाले, बोलू द्या त्यांना.

"आम्हाला रस्ता नकोय, कारण रस्ता झाला की या बायका चालायच्या थांबतील. त्या थांबल्या की आमची हाडं झिजतील. कारण एवढंच आहे. अर्जात लिहायला लाज वाटली आम्हाला."

हसू थांबलं. एक म्हातारी पुढं सरकली. "म्हंजी आमी वज्जी व्हायली तरच तुमी धड?"

"हो, आजी."

तेवढ्यात काठी टेकत पळणीटकर उठले. सत्तरीचे, धनुष्यासारखे वाकलेले, पडसाद घ्यायला लागून जेमतेम पाच महिने झालेले. "मुली, तुझी हाडं भरलीत. माझी अजून भरायची आहेत. तू तुझ्यापुरतं बोल."

रुजुता म्हणाली, "माझ्यापुरतंच बोलतेय, काका," आणि खाली बसली. पण बोललेलं परत घशात जात नाही. प्रांतसाहेबांनी वकिलांना सरळ विचारलं, हे खरं आहे का, आणि वकील कागद चाळत राहिले.

बाहेर पाण्याच्या टाकीशी एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "तुमी व्हय त्या. लई उंच हायसा की. आन् माझीच हाडं घालून हिंडताय."

रुजुताला हसायला आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"रस्ता हुईस्तवर चालीन," संगी म्हणाली. "मागनं मातूर एक पाऊल न्हाई. आत्ताच सांगून ठिवते."

"नकोच. मला कॅन घ्यायला शिकवा."

"पैली रिकामी घ्या," संगी म्हणाली. "दूध सांडलं तर सासू मला ठिवायची न्हाई."

हरकती फेटाळल्या गेल्या, आणि रस्ता व्हायला चौदा महिने लागले. रुजुतानं पायथ्याच्या गावात खोली घेतली आणि ऑफिसचं काम तिथूनच करायला लागली. आधी रिकामी कॅन, मग दोन लिटर पाणी, मग पाच, मग नऊ. चुंबळ डोक्यावर कशी बसवायची, नजर कुठं ठेवायची, उतारावर गुडघा किती मोडायचा, सगळं संगीनं शिकवलं, आणि शिव्या घालत शिकवलं. गुडघे रोज ठणकायचे. रुजुता संध्याकाळी शेक घ्यायची आणि सकाळी निघायची. ज्या दिवशी पहिली जीप मुऱ्यावर पोचली, त्या दिवशी संगीनं पट्टा सोडला, आणि रुजुताच्या हाडांतली टकटक बंद झाली. पुढं चारएक महिन्यांनी पळणीटकरांनी ग्रुपवर लिहिलं की त्यांनी अंथरूण धरलंय. तिनं तो निरोप वाचला, आणि दुसऱ्या दिवशी ती वेळेवर निघाली.

आता हाडांचा हिशेब राहावा म्हणून चालकरीचा पट्टा तिच्याच कमरेला होता. आणि एका सोमवारी, जुन्या पायवाटेच्या मध्यावर, फोन वाजला.

'तुमचा भार उत्तम दर्जाचा आहे. एक जोडणी विनंती आली आहे. वय सतरा, इस्लामपूर, आमवात, मणक्याचं हाड मोडलेलं. मान्य आहे?'

खाली 'हो' आणि 'नाही'. बाकी काही नाही.

तिनं कॅन दगडावर उतरवली आणि मुजावर मॅडमना फोन लावला. "किती दिवस, मॅडम?"

"तिची हाडं भरेपर्यंत म्हण. तीन वर्षं."

"आणि मग ती स्वतः चढेल?"

"चढली तर."

"नाही चढली तर?"

फोन चालू होता, पलीकडं दवाखान्यातली माणसं बोलत होती, तेवढं ऐकू येत होतं.

रुजुतानं 'हो' दाबलं. पट्ट्यावर एक हिरवा ठिपका लागला. मग तिनं चुंबळ नीट केली आणि कॅन उचलून डोक्यावर घेतली.

वरच्या वळणावर, जिथं पायवाट नव्या रस्त्याला मिळते, तिथं दूध पोचवून परत वर निघालेली जीप उभी होती. संगीनं मागचं दार उघडून धरलं होतं. "ताई, या बसा की. जागा हाय. एक दिस न्हाई चाललं म्हणून काय हुतंय?"

गुडघा नेहमीपेक्षा जास्त ठणकत होता. एक दिवस बसावं, असं रुजुताला खरंच वाटलं. मग तिला इस्लामपूरची ती मुलगी दिसली, जिचं नावही तिला माहीत नव्हतं. आडवी पडून, डोळे मिटून, पायांत आलेली पहिली टकटक ऐकत असेल.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या पायवाटेला लागली.