व्रबिन्कातलं सतरा नंबरचं घर

हे मी कोणाला घाबरवायला लिहीत नाहीये. तसं असतं तर वेळ मध्यरात्रीची सांगितली असती. जे झालं ते दुपारी चार वाजता, भर वस्तीत झालं. आणि त्यात मी जसा वागलो ते सांगताना आजही माझी मान खाली जाते.

मी उपेंद्र. मूळचा साताऱ्याचा. २०२० मध्ये आयर्लंडमध्ये मेनूथला भूगोलात मास्टर्स करत होतो. घरात माझ्यासोबत मोरेश्वर राहायचा. तो नागपूरचा, सँडीफोर्डच्या एका कंपनीत होता, पण लॉकडाऊनमुळे दिवसभर शेजारच्या खोलीतूनच काम करायचा.

माझा थिसीस एका नाहीशा झालेल्या गावावर होता. चेक देशातलं व्रबिन्का. एका अरुंद दरीत, ओढ्याच्या काठाने वसलेली एकतीस घरं. वरच्या टोकाला गिरणी, खालच्या टोकाला तळं, मध्ये छोटं चॅपल. महायुद्ध संपल्यावर तिथल्या जर्मन बोलणाऱ्या लोकांना एकेक गाठोडं घेऊन हाकलून दिलं. त्यांच्या घरांत दुसरी माणसं राहायला आली. पुढे धरण झालं आणि सगळं गाव पाण्याखाली गेलं.

त्या गावात वाढलेली एक बाई मेनूथमध्येच राहत होती. बोझेना. वय त्र्याऐंशी. कॉलेजातल्या एका मॅडमनी तिचा नंबर दिला. भेटायला बंदी होती, म्हणून रोज दुपारी चार वाजता मी फोन करायचो.

रोज एक घर.

ती डोळे मिटून बोलत असावी. "आता उजवीकडे वळ, उपेन. दगडी पायरी आहे, जपून." मग त्या घरात कोण राहायचं, खिडकीतून काय दिसायचं, कोणाची गाय आटली, सगळं सांगायची. मी रेकॉर्ड करायचो आणि नकाशात एक चौकोन भरायचो.

सोळावं घर झालं त्या दिवशी तिने लगेच फोन ठेवला नाही.

"उद्या सतरा नंबर," ती म्हणाली. "आमचं घर. म्हणजे... आधी आमचं नव्हतं ते. त्या घरातली गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. माझ्या मुलीला, हानालासुद्धा नाही. तुला सांगते. पण एकदाच सांगेन. लिहून घेशील ना?"

"नक्की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, ३ नोव्हेंबरला, आयपीएलची मॅच होती.

मी फोन स्पीकरवर टाकला. लॅपटॉपवर मॅच, आवाज बंद. ती बोलत होती. मी मध्येमध्ये "हं... हं..." म्हणत होतो. एकदा ती रडते आहे असं वाटलं. पण तेवढ्यात विकेट पडली.

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं.

रेकॉर्डिंग सुरूच केलं नव्हतं.

एक शब्दही आठवत नव्हता. एकही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "लिहिलंस?"

"हो," मी म्हणालो. "सगळं लिहिलं."

तिने इतका मोठा निःश्वास टाकला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

जानेवारीत बोझेना गेली. कोविडने. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. मी लॅपटॉपवर पाहिला. पाहताना कॅमेरा नाही ना चालू, हे दोनदा तपासलं.

आठवड्याने हाना दारात आली. पन्नाशीची, इथेच जन्मलेली. मास्क लावून दोन मीटर लांब उभी राहिली.

"आई म्हणाली होती की एक गोष्ट तिने फक्त तुम्हाला सांगितली. सतरा नंबरच्या घराची. काय होती ती?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं.

मी म्हणालो, "परसात सफरचंदाचं झाड होतं. आधी तिथे राहणाऱ्या मुलीने लावलेलं. जाताना ती तुमच्या आईला म्हणाली, आता तू पाणी घाल. आईंनी शेवटपर्यंत घातलं."

हाना तिथेच रडायला लागली. "थँक यू," म्हणाली. "मला वाटायचं काहीतरी भयंकर असेल."

ते झाड मी थिसीसमध्येही घातलं. पुढच्या महिन्यात हानाने आईच्या आठवणीचं कार्ड छापलं. त्यावर बोझेनाच्या फोटोखाली तेच वाक्य. आता तू पाणी घाल.

कार्ड आलं त्याच दिवशी मी सोळाव्या घराचं रेकॉर्डिंग टाइप करायला घेतलं. बावीस मिनिटांची फाइल. बोझेनाचा आवाज संपला. मी हेडफोन काढणार...

आवाज पुढे चालूच राहिला.

खडीवर पावलं. सावकाश. मग ती थांबली.

मग शांतता.

मग... "हं."

माझाच आवाज.

पुन्हा शांतता. बराच वेळ. कोणी काहीतरी सांगत असावं, तेवढा वेळ.

"हं... हं..."

सतराव्या घराच्या दिवशी मी जसा हुंकार भरत होतो, अगदी तसा. फक्त तिचे शब्द तेवढे नव्हते. मी आवाज पूर्ण वाढवला. कान दुखेपर्यंत ऐकलं. शब्दांच्या जागी नुसती पोकळी. शेवटी एका जागी कोणीतरी नाक ओढलं, आणि मागोमाग मी हसलो. विकेट पडली तेव्हा मी हसलो होतो? आठवत नाही...

स्क्रीनवर पाहिलं. फाइल त्रेसष्ट मिनिटांची दिसत होती.

लॅपटॉप बंद करून परत चालू केला.

बावीस.

त्यानंतर ती फाइल मी उघडली नाही. पण झोप गेली. जेवण जाईना. तीन आठवडे असेच गेले. मार्चमधल्या एका मंगळवारी फोन चार्जिंगला खोलीतच ठेवून मी कॅनॉलच्या काठाने चालायला गेलो. परत आलो तेव्हा सव्वापाच झाले होते. मोरेश्वर किचनमध्ये चहा करत होता. मला दारातून आत येताना पाहून तो चमकला.

"अबे, तू बाहेर कधी गेलास?"

"पावणेचारला. का रे?"

"मजाक नको करू. आत्तापर्यंत खोलीत फोनवर बोलत होतास ना? चार वाजल्यापासून. इतक्या हळू की मला वाटलं, घरी काही झालं की काय."

मी खोलीत धावलो. फोन जसा ठेवला तसाच होता. कॉल लिस्ट पाहिली. त्या दिवशी एकही कॉल नव्हता.

रात्रभर बसून राहिलो. सकाळी ठरवलं, आता बस. हानाच्या पाया पडावं लागलं तरी चालेल, पण खरं सांगून टाकायचं.

दार तिनेच उघडलं. डोळे सुजलेले होते.

"हाना, मला तुम्हाला काही सांगायचंय. ते सफरचंदाचं झाड..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून सांगितलंत. काल फोनवर म्हणालात ना तसं."

मी दारापासून एक पाऊल मागे सरकलो.

"मी रागावलेले नाही. तुम्ही ग्रँड माणूस आहात, खरंच. एवढं सगळं एकट्याने पोटात ठेवलंत. पण प्लीज, ते पुन्हा सांगू नका." तिने चौकट घट्ट धरली. "नऊ वर्षांची होती आई तेव्हा. नऊ वर्षांची मुलगी असं करते? आणि मग त्याच घरात झोपते?"

काल तो मी नव्हतो, हे म्हणायला मी तोंड उघडलं. पण मग ती विचारणार, तुम्हाला तिने खरं काय सांगितलं होतं? आणि मला सांगावं लागणार की तुमची आई रडत होती तेव्हा मी मॅच बघत होतो.

मी नुसती मान हलवली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "शेवटी शेवटी तुम्ही चेकमध्ये बोलत होतात. अगदी आईसारखं. कुठे शिकलात?"

मला चेकमधला एक शब्द येत नाही.

"यूट्यूबवर," मी म्हणालो.

आता मी कॉर्कला असतो. नोकरी बरी आहे. हानाचा नंबर अजून माझ्याकडे आहे. माझ्या आवाजात तिला त्या दिवशी कोणी काय सांगितलं, हे कळायला एक फोन पुरे.

आजवर तो केलेला नाही. कधीकधी वाटतं, माझ्याआधीच कोणीतरी करेल...