केनवडच्या रेकॉर्ड-प्लेयरमधला खोकला

पटो न पटो, हे घडलेलं आहे. घडलं ते माझ्या सख्ख्या काकांसोबत, आणि जगदेवकाका तिखटमीठ लावून बोलणारा माणूसच नव्हता.

१९५६ चा वैशाख. रिसोडच्या बाजारातलं काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान.

वेळ रात्रीची नाही... भर दुपारी तीनची.

लग्नसराई होती. तीन दिवस गावोगाव भोंगे लावून काका आंबले होते. डोळ्यांची आग होत होती. समोर केनवडच्या इंद्रभान पाटलांचा बॅटरीवरचा रेकॉर्ड-प्लेयर उघडा पडला होता.

"आवाज वाढोला का गाणं दबते," एवढंच सांगून पाटील गेले होते.

काकांनी तबकडी लावली. गाणं सुरू झालं. बटन फिरवलं.

गाणं खाली खाली गेलं...

आणि त्याच्याखालून कोणीतरी खोकलं.

बाईचा खोकला. कोरडा. दमलेला.

कंडेन्सर गेला असेल, काकांना वाटलं. त्यांनी कंडेन्सर बदलला. तारांच्या जोडांवरचे सुटलेले कथलाचे डाग पुन्हा दिले. एक व्हॉल्व्ह नवा घातला. खरखर पार गेली.

खोकला मात्र आणखी स्वच्छ ऐकू येऊ लागला.

काकांनी सुई उचलली. गाणं थांबलं.

खोकला थांबला नाही.

त्यांनी बॅटरीच्या तारा काढल्या. व्हॉल्व्हमधला लाल उजेड विझला. दुकानात शांतता...

"अवो... पाणी."

काका स्टुलावर बसून राहिले. पळायचंही त्राण नव्हतं, असं ते सांगत.

संध्याकाळी पाटील बैलबंडी घेऊन आले.

"झाला का, मिस्तरी?"

"मालक, यंत्रात बिघाड नाही. त्याच्यात बाई खोकून राह्यली."

पाटील दारातच खाली बसले.

"मले वाटलं, दुरुस्त केल्यावर खोकला जाईन," ते म्हणाले. "ललिता हाये ते. माही बायको. वर्षभर खोकत होती. रात्र नाही, दिवस नाही. मी थकलो होतो, मिस्तरी. एक दिवस गाणं लावलं आन् बटन पुरं फिरोलं. तिचा खोकला ऐकूच नाही आला पाह्यजे म्हणून. गाणं सरलं, आत जाऊन पाह्यतो तं... ती गेली होती."



"तिनं हाक मारली असन का?" पाटलांनी मान वर केली. "खरं सांगा. काही बोलते का ती?"

काकांनी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही, मालक. नुसती खोकते."

पाटलांनी सुस्कारा टाकला. पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल झाले.

आणि तारा सुटलेल्या त्या पेटीतून...

"अवो... पाणी."

पाटील उठले. कोपऱ्यातल्या माठातून गिलास भरला. पेटीजवळ आले. गिलास कुठं धरावा, ते त्यांना कळेना. ते तसेच उभे राहिले. पाणी सांडत होतं.

मग पेटी बंडीत ठेवून ते निघून गेले.

दोन वर्षांनी काका एका लग्नात भोंगा लावायला केनवडला गेले. पाटील ओसरीवर बसले होते. शेजारी ती पेटी. बॅटरी नव्हती. पाटलांचे डोळे खोल गेले होते. कित्येक दिवस झोपच नसावी तसे.

"थांबला का खोकला, मालक?"

"थांबला. पेटीजवळ पाणी ठेवलं त्याच दिवशी थांबला."

"मंग?"

"आता बोलते. दिवसभर. झोपू देत नाही."

काकांना विचारायचं नव्हतं. तरी तोंडून गेलंच.

"काय बोलते?"

पाटलांनी पेटीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"तुमचंच इचारते, मिस्तरी. म्हणते, मी पाणी मांगून राह्यली होती, आन् त्या मिस्तरीनं तुमाले 'नाही' काहून सांगतलं?"

काका त्या गावात पुन्हा कधी गेले नाहीत.

म्हातारपणी मात्र, जवळ कोणी नसताना, ते मध्येच दचकून म्हणायचे, "त्यायचं मन राखाले बोललो, बाई..."

कोणाला म्हणता, असं मी कधीच विचारलं नाही.