बर्फावर उभी पावलं

त्या पठारावरच्या वाटखुणा कुणीतरी उपटून नेल्या. वाऱ्याने पडल्या असं मला सांगू नका. वारा लोखंडी नळ्या ओढून काढून खाली पडलेले खड्डे बुजवत बसत नाही. ज्याने हे केलं त्याला आपल्या उबदार खोलीत बसून कधी कळणारही नाही, की आठ किलोमीटरच्या पांढऱ्या पसाऱ्यात एक पिवळी नळी दिसणं म्हणजे काय असतं. तो कोण, मला ठाऊक नाही. भेटला तर बरंच बोलायचं आहे.

काम अगदी साधं होतं. पठाराच्या पलीकडे डोंगरातला निवारा आहे. मार्च महिन्यात तो गुद्नी सांभाळते, साठीची, एकटी. तिला गॅसची टाकी, कॉफी आणि कांद्याचं पोतं पोचवायचं होतं. त्या निमित्ताने दोन दिवस बर्फात गाडी घालायला मिळेल म्हणून आम्ही तिघं निघालो. माझ्या जीपमध्ये शेजारी स्टार्री आणि मागच्या जीपमध्ये एकटा कोल्बेन. आमच्या या उत्तरेकडच्या देशात हिवाळ्यात पठारावर एकट्या गाडीने कुणी जात नाही. आणि उघड्या जमिनीवर चाक घालायचं नाही, फक्त बर्फावर. बर्फ वितळला की आपली खूणही उरू नये. या नियमावर मी कॉलेजात इतकी भांडले आहे, की स्टार्री मला 'पठाराची वकिलीण' म्हणतो.

डांबरी रस्ता संपला तिथे आम्ही टायरमधली हवा काढली. अडीच पौंडांवर आणली की चाकं बसकी होतात, पसरतात, आणि एवढी जड गाडी भुसभुशीत बर्फावर तरंगत जाते. आदल्या दिवशी गुडघाभर नवा बर्फ पडला होता. आम्ही वाळवलेला मासा लोण्यात बुडवून खात होतो. स्टार्री वायरलेसवरून कोल्बेनच्या गाडीच्या वयाची चौकशी करत होता.

वाटखुणा नाहीत हे लक्षात आलं तेव्हा कोल्बेन म्हणाला, थांबू या, वारा वाढतोय. मला थांबणं जमत नाही. गाडीतल्या जीपीएस यंत्रात गेल्या वर्षीची आमची वाट साठवलेली होती, पडद्यावर निळी रेघ. मी म्हटलं, हीच धरून जाऊ.

गेल्या वर्षी ती रेघ गोठलेल्या तळ्यावरून गेली होती. यंदा हिवाळा उबदार होता. वरून बर्फ सारखाच दिसतो, खाली मात्र पाणी आणि बर्फाचा गारठलेला चिखल असतो. माझ्या चाकांनी पापुद्रा फोडला आणि मागून आलेली कोल्बेनची जीप नाकापर्यंत आत बसली. तो खिडकीतून बाहेर पडला. दोर बांधायला कमरेइतक्या पाण्यात उतरला. गाडी काही हलली नाही. मदतपथकाने वायरलेसवर सांगितलं, वादळ आहे, चार तास तरी लागतील.

आम्ही त्याचे ओले कपडे काढले, दोन गोधड्यांत गुंडाळून त्याला माझ्या मागच्या सीटवर घातलं, आणि मी गाडी थोडी पुढे काढून घट्ट जागेवर उभी केली. तेवढ्यात समोरचं सगळं गेलं. आकाश नाही, जमीन नाही, बोनेटही नाही. दुपारचे बारा वाजलेले, आणि अंधारापेक्षा वाईट असा तो पांढरेपणा. वाऱ्याचा आवाज सुरुवातीला शिट्टीसारखा होता. मग बारीक झाला, कुणीतरी दाराबाहेर श्वास घेतंय तसा. हीटरमधून ओल्या लोकरीचा वास येत होता. कोल्बेनचे दात वाजत होते.

मग वाजायचे थांबले.

"मला उकडतंय," तो हळूच म्हणाला. "हे काढा ना अंगावरचं…"

स्टार्रीने माझ्याकडे पाहिलं. गारठलेल्या माणसाला उकडायला लागलं म्हणजे वेळ फार उरला नाही, हे आमच्याकडे शाळेत शिकवतात.

अशा वेळी एकाने कमरेला दोर बांधून गाडीपुढे काठी टोचत चालायचं असतं. स्टार्री उतरला. दोन क्षणांत परत आला आणि काचेवर टकटक केलं.

"खाली ये जरा… गाडी चालू राहू दे."

बंपरच्या पुढे पावलं होती. खड्डे नव्हेत; वर आलेली पावलं. माणूस चालून गेला की पायाखालचा बर्फ दाबला जातो. मग बरेच दिवस वारा आजूबाजूचा सुटा बर्फ उडवून नेतो आणि दाबलेलं तेवढं छोट्या ओट्यांसारखं उभं राहतं. ही तशी होती, वीतभर उंच, कडक. पण तो बर्फ कालच पडला होता.

"मागे बघितलंस?" मी विचारलं.

"मागे नाहीत. बाजूलाही नाहीत." तो आता विनोद करत नव्हता. "इथूनच सुरू होतात."

पहिली दोन पावलं जोडीने होती, माझ्या बंपरपासून हातभर अंतरावर. कुणीतरी तिथे उभं राहून वाट पाहिली असावी आणि मग चालायला लागलं असावं, तशी. तिथून ती डावीकडे वळत होती. निळी रेघ सरळ जात होती.

मी मोजमापावर विश्वास ठेवणारी मुलगी आहे. पण त्या रेघेनेच आम्हाला पाण्यात घातलं होतं. आणि मागच्या सीटवर माझ्या हट्टापायी कोल्बेन निजायला लागला होता. मी डावीकडे वळले.

स्टार्री पुढे, त्याच्यामागे दोर, दोरामागे मी, पहिल्या गियरवर. मी कोल्बेनशी सतत बोलत होते, शिव्या देत होते, त्याच्या गाडीला नावं ठेवत होते. तो कधी हुंकार द्यायचा, कधी नाही. एकदा स्टार्री थांबला. त्याने पावलांच्या उजव्या बाजूला काठी टोचली, ती मुठीपर्यंत आत गेली. डाव्या बाजूलाही तेच. फक्त पावलं होती तेवढाच पट्टा घट्ट होता, जेमतेम जीपच्या रुंदीचा. त्याने वळून हात वर केला आणि पुन्हा चालायला लागला.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. आधी मटणाच्या सुपाचा वास आला, मग पिवळी खिडकी.

गुद्नीने प्रश्न विचारले नाहीत. कोल्बेनला शेगडीजवळ आडवा केला, काखेत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, चमच्याने गोड कॉफी पाजली. पाऊण तासाने त्याचे दात पुन्हा वाजू लागले, आणि तो आवाज ऐकून मी रडले. मग त्याने डोळे उघडून मला एक सणसणीत शिवी दिली. पाठोपाठ म्हणाला, "नवी जीप तू घेऊन देणार." स्टार्री इतका हसला की त्याच्या हातातलं सूप सांडलं. अंगातलं ओझं उतरावं तसे आम्ही तिघं हसत राहिलो.

संध्याकाळी वारा पडला. टाकी आत आणायला मी बाहेर गेले. पावलं दारापर्यंत आली होती. शेवटची दोन उंबऱ्याशी जोडीने होती, बोटं आतल्या बाजूला.

गुद्नी कांदा चिरत होती. मी विचारलं, या आठवड्यात कोण आलं होतं? ती म्हणाली, तीन आठवड्यांत तुमच्याशिवाय कुणी नाही. मग मी तिला पावलांचं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. तिने सुरी पुसली आणि आम्हा तिघांकडे न बघता कोपऱ्यातल्या रिकाम्या बाकाकडे एकदा बघून घेतलं.

"येणारीच असतात," ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली, जाणारी मी अजून पाहिली नाहीत."