धरलेल्या जागा

हिवरसांगवीचा बाजार गुरुवारी भरायचा. भूमकडून येणारी एस.टी. पाट्या, पोती आणि कोंबड्यांच्या डालग्यांनी टपापर्यंत लादलेली असायची, आणि कंडक्टर आधी भाज्या उतरवायचा, मग माणसं.

या बाजारात जागेला पावती नव्हती, दगड होता. बाई आपल्या गावाकडून एक दगड आणायची, जागेवर ठेवायची आणि शेजारणीला म्हणायची, "धर गं माझी जागा." मग ती येवो न येवो, तिथं दुसऱ्यानं बसायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात बायका लेकरं पाठीशी बांधून खडी फोडायला गेल्या, पुण्याकडं गेल्या. काही परतल्या, काहींची नुसतीच बातमी आली, काहींची तीही नाही. शेजारणींनी त्यांचे दगड सांभाळले. दहा वर्षांत लिंबाखालचा निम्मा बाजार दगडांचाच झाला. नव्या व्यापाऱ्याला बसायला जागा मिळेना, म्हणून गिऱ्हाईक बार्शीला जाऊ लागलं.

सरपंच हिंमतराव याच बाजारात आईच्या मिरचीच्या पाटीशेजारी वाढले होते. त्यांनी एस.टी. स्टँडमागं नवा बाजार बांधायला काढला. सिमेंटचे ओटे, वर पत्रा, मध्ये पाण्याचा नळ. बँकेनं कळवलं होतं, पहिल्या बाजाराला आमचे साहेब येतील. बाजार भरलेला दिसला तर शाखा इथं, नाहीतर शेजारच्या गावाला. शाखा आली की दूध संस्थाही येणार होती. गेली तर गाव उठल्यासारखंच होतं.

"दगडांचं काय करू?" ओव्हरसिअर रामलिंगनं विचारलं होतं. "नदीत टाकू?"

"टाकायचे न्हाईत. ओट्यांच्या पोटात घाल. बायांच्या जागा हायेत त्या." पहिला दगड हिंमतरावांनी स्वतः उचलला आणि भरावात ठेवला. पुढचे गवंड्यांनी हाताला येतील तसे घातले. कुणाचा कुठं गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या गुरुवारी माणसं वाजतगाजत आली. नारळ फुटला. बाया ओट्यांवर चढल्या, पोती अंथरली आणि उन्हं वर आली तशी हिंमतरावांच्या लक्षात आलं, की निम्मे ओटे मोकळेच आहेत. लसूणवाली ओट्यावर आहे, तिच्या शेजारचा ओटा रिकामा आहे, आणि त्यापलीकडं वांगीवाली खाली धुळीत बसली आहे.

"कमलबाई, वर का बसंना झालाव?" त्यांनी विचारलं.

"बसले असते की," कमलबाई वांगी पुसत म्हणाली. "पन तिथं हाय कुनीतरी."

"कोन हाय? मोकळा तर दिसतोय."

"दिसतोय व्हय. तुमाला निवडणुकीत बी सगळं मोकळंच दिसतंय."

आजूबाजूच्या बाया हसल्या. हिंमतरावही हसले. मग त्यांनी बार्शीच्या एका बांगडीवाल्याला हाताला धरून त्या ओट्यावर बसवलं. त्यानं पेटी उघडली, थोडा सरकला, पुन्हा सरकला, आणि पेटी मिटून खाली उतरला.

"काय झालं?"

"मांडी लागती, साहेब."

"कुनाची?"

बांगडीवाला ओट्याकडं बघत मागं सरला. पेटी डोक्यावर घेऊन स्टँडकडं निघाला.

हिंमतराव भित्र्यांपैकी नव्हते. त्यांनी टोपी नीट केली आणि स्वतः ओट्यावर मांडी घातली. पत्र्याची सावली असूनही सिमेंट कोमट होतं, जसं नुकतंच कुणी उठून गेल्यावर असतं. ओल्या गोणपाटाचा आणि मेथीचा वास आला. त्या ओळीत मेथी कुणीच आणली नव्हती.

मग त्यांच्या डाव्या बाजूला गोणपाट घसटल्याचा आवाज झाला.

कुणीतरी त्यांच्यासाठी जागा करत होतं.

ते हळूच उतरले. "बसा, बसा," असं त्यांच्या तोंडून गेलं.

कमलबाईनं वर पाहिलं नाही.

तेवढ्यात बँकेची जीप आली. साहेब पुण्याकडचे, चष्मेवाले. हिंमतरावांनी चहाचा आग्रह केला. निदान तासभर तरी त्यांना चावडीत अडकवून ठेवावं, असा त्यांचा बेत होता. पण साहेब म्हणाले, "आधी बाजार. आणि मी एकटाच फिरतो."

ते पत्र्याखाली शिरले. हिंमतराव नळाजवळ उभे राहिले. साहेब रिकाम्या ओट्यांच्या ओळीत थांबत होते, वाकत होते, मान हलवत होते. एकदा हसले.



साहेब परतले ते रुमालात मेथीची जुडी बांधून.

"हिंमतराव, तुम्ही पत्रात लिहिलंत त्यापेक्षा बाजार मोठा आहे. एक ओटा रिकामा नाही. शाखा इथंच होईल."

हिंमतरावांनी रुमालाकडं पाहिलं. पानांवर पाणी होतं.

"त्या... त्या बायकांशी बोललात तुम्ही?"

"बोललो ना. सगळ्यांचा प्रश्न एकच. गावाकडं पाऊस झाला का?"

"मग?"

"येताना ओढा वाहताना पाहिला होता. सांगितलं, झाला म्हणून." साहेब जीपमध्ये बसले. "फार खूश झाल्या. म्हणाल्या, मग पुढच्या बाजाराला लेकरांना घेऊन येतो."

जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत हिंमतराव हलले नाहीत. पत्र्याखाली कमलबाई गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती. कुठंतरी कोंबडी ओरडली. बाजार कसा बाजारासारखा चालला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हातावरचे केसही उभे राहिले होते.

त्यांनी रामलिंगला हाक मारली.

"पलीकडच्या बाजूला अजून एक ओळ बांधायची."

"याच मापानं?"

हिंमतरावांनी जरा विचार केला.

"न्हाय. बुटके बांध," ते म्हणाले. "पाय टेकाया पायजेत लेकरांचे."