चाँदबीचे ‘तुम्ही’

सुज्ञ वाचकहो, कोल्हापूर स्टेशनाजवळील भाड्याच्या खोलीत मला जो अनुभव आला, तो यत्किंचितही तिखटमीठ न लावता मी आपणांपुढे सादर करीत आहे. त्याचा उलगडा मजजवळ नाही. कृपया मागू नये.

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. शिरोलीच्या एका कारखान्यात मी ओतकाम करीत असे. लग्न झाले होते, तथापि पत्नी बाळाबाई गारगोटीस माहेरीच होती. “आदी खोली दावा, मग पोरगी न्या,” असा सासऱ्यांचा सांगावा होता. अखेर स्टेशनच्या भिंतीलगतच्या बोळात, चाँदबी नामक वृद्धेच्या घरामागील खोली मिळाली. भिंतींना कोळशाचा वास होता. गाडी आली की फळीवरील भांडी थरथरत.

चाँदबीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दारातील बाजल्यावर बसून ती पायरवावरून माणूस ओळखी, आणि लहानथोर सर्वांस ‘तू’ म्हणे. गल्लीत फौजदार आले, तरी त्यांनाही, “तू कुनाचा रं?”

“वहाणा नव्या हायत व्हय रं? लई बोंबलत्यात,” असे ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली.

पुढे एके सायंकाळी मी कामावरून परतलो, तेव्हा ती म्हणाली, “आलासा? तुम्ही जेवलासा का?”

मला संतोष वाटला. माझी योग्यता वृद्धेस उमगली, असे मी समजलो. परंतु पानवाले हंबीरराव वयाने व मानाने मोठे. त्यांना अद्याप ‘तू’च होते. सबब मी विचारले, “मावशी, मला का तुम्ही म्हणता?”

“तुला कशाला म्हणू, लेका? दोघं येतासा म्हणून तुम्ही. ह्यो दुसरा मुका हाय काय? कवा बोलत न्हाय.”

मी मागे पाहिले. बोळ रिकामा होता.

म्हातारीचे कानही गेले, अशी मी मनाची समजूत घातली. खातरजमेसाठी दुसऱ्या दिवशी वहाणा हातात घेऊन, चवड्यांवर चालत आलो.

“तू अनवानी का रं?” चाँदबी म्हणाली. “त्यो बघ, वहाणा घालून आलाय.”

खोली सोडावी, तर सासरे पोरगी धाडणार नाहीत. खोली झाल्याचा सांगावा मी गारगोटीस धाडला.

रविवारी बाळाबाई आली. चाँदबीने तिचा चेहरा चाचपला. “ये गं बाई. तू लई वाळलीस की.”

सोमवारी सकाळी मी डबा घेऊन निघालो.

“जा रं,” चाँदबी म्हणाली. “तू जा.”

तू.

मला हायसे वाटले. काही पावले मी आनंदाने टाकली.

मग मी मागे धावलो.

बाळाबाई स्टोव्हपुढे बसली होती. तिने दारातल्या माझ्याकडे पाहिले, मग समोरच्या पाटाकडे.

“आत्ता हितंच बसला हुतासा की,” ती म्हणाली. “भाईरनं कसं आलासा?”

त्याच घटकेस मी ट्रंक उचलली.

दारात चाँदबीने माझ्या दंडास हात लावला. “तू जपून ऱ्हा, लेका.”

नंतर तिने बाळाबाईच्या दिशेने मान वळविली, आणि पाय आखडून ऐसपैस वाट करून दिली.

“तुम्ही बी जपून जावा.”

सांप्रत आम्ही हातकणंगल्यास राहतो. घरात बाळाबाई अनवाणी वावरते, आणि मी कान देऊन असतो.

आपण हे लेखन शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
सयाजी केरबा खाडे