तिलाच दाद देणारी गाडी

सकाळचं धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं, आणि नेमकी त्याच वेळी एक आकाशी रंगाची गाडी गॅरेजच्या फाटकात येऊन बंद पडली. बरोबर फाटकात. कोणाला आत येता येईना, ना बाहेर जाता येईना. दुरुस्त झालेल्या दोन गाड्या आत अडकल्या, मामांची चहाला जायची वेळ अडकली, आणि मामांच्या भाचीला, जिला सगळी गल्ली ‘ठिणगी’ म्हणायची, हातातली पकड खाली ठेवून बाहेर यावं लागलं.

हे नाव मामांनीच ठेवलेलं. गाड्यांच्या वायरिंगमध्ये तिचा हात धरणारं त्या भागात कोणी नव्हतं, आणि रागही नावाला शोभेलसा होता, पटकन पेटायचा आणि पटकन विझायचा. तर ती तावातावाने बाहेर आली. काचेतून तिला दिसला एक चष्मेवाला तरुण. तो चावी फिरवत होता आणि चक्क गाडीची माफी मागत होता. “सॉरी हं... एकदाच. फक्त एकदा सुरू हो,” असं अगदी हळू आवाजात, कोणाची झोप मोडू नये तसं.

रागवायचं राहूनच गेलं.

“उतरा,” ती म्हणाली. “मी बघते.”

“परवाच घेतलीय,” तो उतरता उतरता म्हणाला. “जुनीच, पण मला नवीन. म्हणजे... मला वाटलं होतं, आमचं जमेल.”

ती आत बसली. सीट इतकी मागे होती की तिचे पाय कुठेच पोहोचेनात. सवयीने तिने सीटखालचा दांडा ओढला, सीट पुढे घेतली, क्लच दाबला, चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तिने ती बाजूला लावली आणि उतरण्याआधी सीट होती तिथे परत मागे सरकवली. हा मामांचा नियम. गिऱ्हाइकाची सीट, आरसा, रेडिओचं स्टेशन, सगळं जसं होतं तसं ठेवून उतरायचं. माणसाची गाडी म्हणजे त्याचं घर, आपण तिथे पाहुणे, असं मामा म्हणायचे.

“काय केलंत?” त्याने विचारलं.

“काहीच नाही.”

“मीही तेच करत होतो,” तो म्हणाला, आणि हसला.

आता हसणं काय, सगळेच हसतात. पण हा हसला की आधी डोळे हसायचे आणि ओठ मागाहून, जरा परवानगी घेतल्यासारखे यायचे. ठिणगी त्या दिवशी दुपारपर्यंत एकाच वायरला तीनदा टेप गुंडाळत बसली होती. मामांनी पाहिलं, आणि टेपचं रीळ तिच्यापासून लांब ठेवलं.

तो तीन गल्ल्या पलीकडच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होता. गाडी त्याने एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली होती. डॉक्टरांनी ती अशी सांभाळलेली की आत एक ओरखडा नव्हता. आणि तरीही, दर दोन-तीन दिवसांनी गॅरेजचा फोन वाजायचा. “मी बोलतोय. ती... परत रुसलीय.”

की ठिणगी पिशवी खांद्याला लावून निघाली. ग्रंथालयाच्या मागच्या अंगणात गाडी उभी असायची, वरून झाडाची पानं एकेक करून टपावर पडत असायची, आणि तो शेजारी हात बांधून उभा, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. ती आत बसायची, सीट पुढे, क्लच, चावी. गाडी सुरू. दर वेळी. एकदा तिने बॅटरीचे टर्मिनल घासूनपुसून लख्ख केले. एकदा अर्थिंगची वायर बदलली. एकदा तर अख्खा स्टार्टर काढून गॅरेजच्या टेबलावर उघडला. कुठेही काही खोट नाही. तीन आठवड्यांत सहा फेऱ्या झाल्या, आणि गाडी तिच्याखेरीज कोणाला दाद देईना. तो बिचारा दहा-दहा वेळा चावी फिरवायचा, तेव्हा कधीतरी एकदा सुरू व्हायची.

“ही तुम्हाला घाबरते,” तो एकदा म्हणाला. त्याने दोन कप चहा आणला होता, आणि दोघं गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते.

“घाबरत नाही, लाडात येते. तुम्हीही जरा लाडाने वागा.”

“मी रोज बोलतो तिच्याशी.”

“काय बोलता?”

तो चहात बघत राहिला. “ते... गाडीलाच सांगायचं असतं.”

त्याचे कान लाल झाले. ठिणगीने ते पाहिलं आणि घाईने दुसरीकडे बघितलं. अंगणात दुपार अशी पसरली होती की वाऱ्यालाही काही घाई नव्हती. आतून जुन्या कागदांचा वास येत होता. हे असंच राहावं, तिला वाटलं. गाडी बंद पडत राहावी, चहा येत राहावा, आणि दोष कधी सापडूच नये. असा विचार मनात आला म्हणून ती स्वतःवरच चिडली. कारण दोष सापडला नाही असं तिच्या हातून आजवर एकदाही झालं नव्हतं.

आणि मग आला गुरुवार.

“सोमवारपासून मला पुढच्या गावी रुजू व्हायचंय,” तो म्हणाला. बोलताना चष्मा मनगटाने वर सरकवला. “नवीन ग्रंथालय निघतंय. पहिल्या कपाटापासून सगळं मीच लावायचं. लहानपणापासून हेच हवं होतं मला.”

“अरे वा,” ती म्हणाली.

“तिकडे एक खोलीही बघून आलोय. फक्त गाडीचं काय ते एकदा कळलं, की ठरवून टाकतो.”

म्हणजे गाडी दुरुस्त झाली की हा जाणार. ठिणगीने त्याला गाडीत बसायला सांगितलं, आणि चेहरा दिसू नये म्हणून ती उघड्या दारापाशी उकिडवी बसली आणि डॅशबोर्डखालच्या फ्यूजमध्ये डोकं घातलं. “फिरवा चावी,” ती आतूनच म्हणाली.

त्याने क्लच दाबला. आणि आजवर कधी न दिसलेली गोष्ट तिला दिसली, कारण आजवर तिने त्याला चालवायच्या जागी बसलेलं जवळून पाहिलंच नव्हतं. त्याचा पाय ताणलेला होता, अगदी अंगठ्यावर आलेला, आणि तरी क्लच तळापासून बोटभर वरच होता. या गाडीत क्लचच्या मागे एक बारीकसं बटण असतं. क्लच पार खाली गेला तर ते दाबलं जातं, आणि ते दाबलं गेलं तरच स्टार्टरला करंट मिळतो. दोष गाडीत नव्हताच मुळी. सीट मागे होती.

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तिच्या ओठांवर आलं...

“काही दिसलं?” त्याने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “उद्या बघते.”

त्या संध्याकाळी ती गप्प जेवली. मामांनी दोन-तीनदा तिच्याकडे पाहिलं.

“दोष सापडला वाटतं,” ते म्हणाले.

“नाही.”

“सापडला नाही की तू माझं डोकं खातेस. आज तू नुसतं जेवतेयस.”

तिने घास ताटात ठेवला. “सांगितलं तर तो जाईल, मामा.”

मामांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “तीन आठवडे ताकाला जाऊन भांडं लपवलंस, ते मी चालवून घेतलं. तुझं वय आहे. पण गाडी अडवून माणूस थांबत नसतो गं. आणि असा थांबलाच, तर तो तुला चालेल का?”

नाही चालणार. हे तिला ठाऊक होतं.

शुक्रवारी ग्रंथालय उघडायच्या आतच ती अंगणात पोहोचली. तो आला तेव्हा तिने काही प्रस्तावना केली नाही. “बसा. आता सीटखाली हात घाला. दांडा आहे, तो ओढा आणि पुढे या. अजून. अजून थोडं. हं, आता क्लच दाबा.”

गाडी सुरू झाली. त्याने बंद केली, परत चावी फिरवली. परत सुरू झाली. पाच-सहा वेळा त्याने हेच केलं, आणि प्रत्येक वेळी त्याच्या चेहऱ्यावर तेच नवल होतं.

“ही सीट हलते?”

“सगळ्या गाड्यांची हलते,” ती म्हणाली. “तुम्ही कधी हलवून बघितलीच नाही?”

“डॉक्टर सहा फुटांचे आहेत... त्यांनी ठेवली तशीच ठेवली मी. लावलेली वस्तू जागची हलवायची नाही, इतकी वर्षं वाचकांना हेच सांगत आलो.”

“आणि मी दर वेळी पुढे घेऊन, दर वेळी परत मागे सारून ठेवत होते. मामांचा नियम.”

“म्हणजे काखेत कळसा आणि...” तो पुढचं बोलू शकला नाही, दोघांनाही हसू आवरेना. हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. “तुम्हाला कल्पना नाही काय केलंत. आज संध्याकाळी मी त्या खोलीला होकार कळवणार होतो. तिकडून शेवटची बस पाचला सुटते, आणि तिथलं ग्रंथालय बंद होतं सातला. गाडीचा भरवसा नसता तर मला तिकडेच राहावं लागलं असतं. आता रोज जाऊन-येऊन करता येईल. इथेच राहीन मी.”

ठिणगीचं हसू जागच्या जागी थांबलं.

म्हणजे ज्या गाडीने तो जाईल म्हणून ती धास्तावली होती, तीच गाडी त्याला इथे ठेवणार होती. आणि कालच्या एका ‘नाही’पायी तो कायमचा गेला असता. आता गप्प बसलं तर कोणाला काही कळणार नव्हतं. सगळं जुळून आलं होतं. पण तो तिच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होता की तिला ते सोसेना.

“मला काल दुपारीच कळलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“सीटचं. तुमचा पाय बघितला, तेव्हाच. सांगितलं नाही.”

त्याने गाडी बंद केली. “का?”

ती त्याच्याकडे बघू शकली नाही. झाडाकडे बघत म्हणाली, “मला वाटलं, गाडी सुरू झाली की तुम्ही जाल. आणि तुम्ही जावं असं मला वाटत नव्हतं. अजिबात वाटत नव्हतं. चुकलं माझं. एक दिवस... फक्त एक दिवस अजून हवा होता.”

तो गाडीतून उतरला, दार हळूच लावलं आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या जवळ तो याआधी कधी उभा राहिला नव्हता.

“ही बंद पडली की मला वाईटच वाटायचं नाही,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून. लोक म्हणायचे फसवलं तुला, आणि मी आपला... फोन करायला मिळतो म्हणून खुश. हे कोणाला सांगणार? म्हणून गाडीला सांगायचो.”

तिने वर पाहिलं. आधी डोळे हसत होते, ओठ अजून यायचे होते. तिला रडायला येतंय की हसायला, हे तिचं तिलाच कळेना.

“सोमवारी नव्या ग्रंथालयाचा पहिला दिवस आहे,” तो म्हणाला. “माझ्याबरोबर याल?”

“कशाला?” तिने विचारलं. “वाटेत बंद पडली तर मी असावी बरोबर, म्हणून?”

“नाही,” तो म्हणाला. “आता ती बंद पडणार नाही. म्हणूनच विचारतोय.”